मी चोर असतो तर?

ब्रुकस्टॅड, मिनेसोटा
२० मार्च २०२३

श्रीमती मारित हेग्स्टाड यांस,

आपली ओळख नाही. मी आर्डिस टोलेफसन. माझे पती वॉरन टोलेफसन इथल्या कॉलेजच्या पोलिसात तेहेतीस वर्षं होते. ११ फेब्रुवारीला ते गेले. हृदय बंद पडलं. बर्फ उपसत होते का, असं सगळे विचारतात म्हणून सांगते, नव्हते. खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. वय एकोणऐंशी.

६ मे रोजी कॉलेज त्यांच्यासाठी एक छोटा समारंभ करणार आहे. संगीत इमारतीच्या दाराशेजारी त्यांच्या नावाची पाटी लागेल. हल्लीच्या पोलिसप्रमुख रेने बाटाल्डेन यांनी आपलं भाषण मला आधी वाचायला पाठवलं आहे. चांगलं लिहिलंय. त्यात एक वाक्य असं आहे: "टोलेफसन यांच्या देखरेखीखालच्या इमारतींतून तेहेतीस वर्षांत एकही वस्तू चोरीला गेली नाही."

मलाही पाच मिनिटं बोलायचं आहे. मी काउंटीच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात आयुष्य घालवलं. भाषण कधी केलेलं नाही.

त्यांच्या कपाटात एक वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलंय: "१४ नोव्हेंबर १९८४. संगीत इमारत, खोली ११. एम. हेग्स्टाड. फिडल. कार्ड ठेवलं. दार लावलं नाही." शेवटचं वाक्य पेनने दोनदा गिरवलं आहे. पुढची पानं गावांच्या नावांनी आणि तारखांनी भरली आहेत. फार्गो, सू फॉल्स, ला क्रॉस, रॅपिड सिटी. ही सगळी आमच्या सुट्ट्यांची गावं. शेवटच्या पानावर तुमचा पत्ता आहे. आधीचे चार खोडून खाली पाचवा लिहिलाय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ते वाक्य खोटं आहे का? असेल तर मी ते वाचू देणार नाही. वॉरननी अहवालात कधी खोटं लिहिलं नाही. आणि दुसरं, त्यांच्यामुळे तुमचं नुकसान झालं असं तुम्ही अजून मानता का? ते मानत होते, हे वहीवरून दिसतं. मला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. तुमचं उत्तर कळल्याशिवाय त्या पाटीशेजारी उभं राहणं मला जमणार नाही.

आपली,
आर्डिस टोलेफसन


डुलुथ
२ एप्रिल २०२३

श्रीमती टोलेफसन यांस,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. नोव्हेंबरमध्ये त्यांचं कार्ड आलं होतं, तेव्हा अक्षर नेहमीसारखंच होतं.

हो, ते वाक्य खोटं आहे. पण तुम्ही ते तसंच राहू दिलंत तरी माझी हरकत नाही.

त्यांची कार्डं तुम्हाला माहीतच असतील. एखादी खोली उघडी दिसली, किंवा कुणी पुस्तकं टेबलावर टाकून जेवायला गेलं, की परत आल्यावर तिथे ते पिवळं कार्ड असायचं: "दार उघडं होतं. मी चोर असतो तर? – टोलेफसन, कॉलेज पोलीस." आम्ही त्या कार्डालाच 'टोलेफसन' म्हणायचो. "मला आज टोलेफसन मिळालं." "एकच? मला या आठवड्यात तीन!" माझ्या खोलीतल्या मुलीने आरशाभोवती त्यांची चौकट केली होती.

त्या दिवशी दुपारी मी सरावाची खोली उघडी टाकून कॉफी प्यायला गेले. पंधरा मिनिटं. परत आले तर फिडलची पेटी नव्हती. कार्ड खुर्चीवर होतं. त्यांनी ते पेटीवर ठेवलं असणार. नेणाऱ्याने ते उचलून नीट खुर्चीवर ठेवलं आणि पेटी नेली.

ते फिडल, व्हायोलिनचाच एक प्रकार, माझ्या आजोबांनी नॉर्वेहून आणलेलं. आठ तारांचं, शिंपल्याची नक्षी, वरच्या टोकाला कोरलेलं सिंहाचं तोंड. तेव्हा सिंहाचे दोन्ही कान शाबूत होते. आजोबा जाऊन दीड महिना झाला होता.

मी ते कार्ड घेऊन तशीच पोलिसांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर फेकलं. मी म्हणाले, "तुम्ही चोर असता तर बरं झालं असतं! निदान सापडला तरी असता!" खोलीत आणखी दोघं होते. ते हसले. तुमचे यजमान हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि लिहायला घेतलं. मी वीस वर्षांची होते. इतकी वर्षं मला फिडलपेक्षा ती टोपीच जास्त आठवत आली आहे.

पुढच्या नोव्हेंबरपासून दर वर्षी १४ तारखेच्या आसपास मला एक कार्ड येई. "अजून सापडलं नाही. शोध चालू आहे. – टोलेफसन." मी एकदाही उत्तर दिलं नाही.

माझ्या मनात त्यांच्याविषयी काही राग नाही. भाषणात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. ६ मे रोजी माझ्या शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम आहे, त्यामुळे येता येणार नाही.

मारित हेग्स्टाड


ब्रुकस्टॅड
९ एप्रिल २०२३

श्रीमती हेग्स्टाड,

तुमचं उत्तर आलं, बरं वाटलं. कालपासून चर्चच्या बायकांची भांडी परत करतेय. वॉरन गेल्यावर सगळ्यांनी बटाट्याचे आणि नूडलचे प्रकार आणून दिले. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. अजून चार राहिलीत.

तुमच्या पत्रामुळे मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. सुट्टीत कुठल्याही गावी गेलो की वॉरन गहाणवटीच्या नाहीतर जुन्या वस्तूंच्या दुकानासमोर गाडी थांबवायचे. "पाच मिनिटं, आर्डी." मी म्हणायची, "तुमची पाच मिनिटं म्हणजे पास्टरची पाच मिनिटं." आत जाऊन ते वाद्यांच्या भिंतीपाशी उभे राहायचे. मला गाडीतून दिसायचं. मला वाटलं, या माणसाला वाद्य शिकायचंय आणि सांगायची लाज वाटतेय. पन्नासाव्या वाढदिवसाला मी त्यांना बँजो घेतला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "आर्डी, हे फार छान आहे." सहा आठवडे शिकवणीला गेले. शिकवणाऱ्यानेच शेवटी मला फोन केला. बँजो तळघरात आहे.

आणखी एक सांगते. १९८४ नंतर त्यांनी कार्ड ठेवून निघून जाणं सोडलं. खोली असेल तर दार लावून घ्यायचे. सामान उघड्यावर असेल तर त्यावर कार्ड ठेवून थोडं लांब एखाद्या बाकावर बसायचे, मालक परत येईपर्यंत. मालकाला कधी कळू द्यायचे नाहीत. तेव्हाचे प्रमुख म्हणायचे, "वॉरन, पगार गस्तीचा देतो मी तुला, बसण्याचा नाही." लोक म्हणायचे, टोलेफसन आता सुस्तावला. मीही तेच म्हणायची. बुटांचे तळ झिजेनात म्हणून चेष्टा करायची.

बाटाल्डेनबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "आर्डिस, समारंभात कुणी झालेली चोरी सांगत नाही."
मी म्हटलं, "वॉरन सांगतील."
"वॉरन नाहीत ना गं आता."
"म्हणून तर मला सांगायला हवं."
त्या म्हणाल्या, बघू.

एक विचारते. राग मानू नका. नोंदी तपासायची जुनी सवय आहे. तुम्ही लिहिलंय, तेव्हा सिंहाचे दोन्ही कान शाबूत होते. आता नाहीत, हे तुम्हाला कसं कळलं?

आर्डिस टोलेफसन


डुलुथ
१७ एप्रिल २०२३

टोलेफसनबाई,

तुमचं पत्र पाच दिवस टेबलावर पडून आहे.

फिडल माझ्याकडे आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात एका बाईने ते मला आणून दिलं. तिचा मुलगा कॉलेजात माझ्या वर्गात होता. त्या वसंतात तो अपघातात गेला. त्याच्या खोलीच्या वरच्या माळ्यावर तिला पेटी सापडली, आत माझं नाव होतं. तो ते कधी विकू शकला नाही आणि कधी वाजवूही शकला नाही. सिंहाचा डावा कान तुटला होता. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "हे आमचं नाही. त्याचं नाव कुणाला सांगू नका. तो आता उत्तर द्यायला नाही." मी शब्द दिला.

म्हणून त्या वर्षी मी तुमच्या यजमानांना कळवलं नाही. त्यांनी विचारलं असतं, कुठे मिळालं. त्यांना खोटं सांगणं मला जमलं नसतं.

पहिलं वर्ष त्या बाईसाठी गप्प राहिले. पुढची सव्वीस वर्षं मात्र माझ्यासाठी. माझं लग्न मोडलं, आई गेली. मी चार घरं बदलली आणि एकदाही नवा पत्ता कळवला नाही. पण कार्ड एकदाही चुकलं नाही. माझ्या नावाने हाताने लिहिलेलं असं वर्षात तेवढंच यायचं. "शोध चालू आहे." सापडलं म्हणून कळवलं असतं तर कार्ड यायचं थांबलं असतं. मला वाटायचं, ते घरी बसून दोन ओळी खरडत असतील. शोध खरंच चालू आहे, ते गावोगाव उतरतात, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायचा मला हक्क नाही.

क्षमा मागते. त्यांची मागायला हवी होती.

मारित


ब्रुकस्टॅड
२४ एप्रिल २०२३

श्रीमती हेग्स्टाड,

१९९६ नंतरची गावं मी वहीत मोजली. एक्केचाळीस. २०१४ साली गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते, तेव्हा बिस्मार्कमध्ये काठी टेकत ते एका दुकानाच्या अकरा पायऱ्या चढले. मी गाडीतून ओरडत होते.

दोन ओळी पुरल्या असत्या. त्या बाईचं नाव न घेता लिहिता आल्या असत्या.

वॉरन असते तर "ठीक आहे" म्हणाले असते. मी वॉरन नाही.

तुमचं नाव मी समारंभात घेणार नाही.

आर्डिस टोलेफसन


ब्रुकस्टॅड
१ मे २०२३

मारित,

तुमचं उत्तर आलेलं नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. तरी लिहितेय.

काल शेजारची लोर्ना आपलं भांडं न्यायला आली. हाक न मारता मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. "आर्डिस! दार सताड उघडं आहे तुझं! वॉरन काय म्हणाला असता?"

वॉरन काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. १९७५ साली मी एकदा खरंच मागचं दार उघडं विसरून दुकानात गेले. परत आले तर ओट्यावर पिवळं कार्ड. "दार उघडं होतं. मी चोर असतो तर?" खाली पेन्सिलीने, "चोराने रुबार्बचा केक खाल्ला आहे." पोलिसाच्या बायकोला कार्ड! मी आठवडाभर रुसले. पुढच्या महिन्यात पुन्हा विसरले. कार्डाखाली लिहिलेलं: "चोराला मीठ कमी वाटलं."

तिसऱ्या वेळी मी विसरले नव्हते.

अठ्ठेचाळीस वर्षं मी ते दार मुद्दाम उघडं टाकत आले. रोज नाही. घरात बोलणं कमी झालं की. आमचं दोघांचंही बोलणं कमीच. मूल होणार नाही हे कळलं त्या वर्षी मी ते जवळजवळ रोज उघडं टाकलं, आणि ते रोज कार्ड ठेवत गेले. खाली कधी काही लिहिलेलं असायचं, कधी नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही की आर्डी, तू इतकी विसराळू कशी? ते पोलीस होते. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

ती सगळी कार्डं बिस्किटांच्या तीन डब्यांत आहेत. लोर्ना गेल्यावर ती काढून बसले. न वापरलेली अकरा कार्डं त्यांच्या कोटाच्या खिशात मिळाली.

मागच्या पत्रातलं मी परत घेत नाही. पण रात्री अंथरुणात पडल्यावर एक विचार आला तो सांगते. त्या एक्केचाळीस गावांत गाडीत त्यांच्या शेजारी मी होते. रेडिओवर हवामान, मांडीवर थर्मास, नकाशा नेहमी चुकीचा घडी केलेला. तुम्ही त्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर आम्ही बहुतेक घरीच बसलो असतो.

समारंभ शनिवारी अकरा वाजता आहे.

आर्डिस


डुलुथ
९ मे २०२३

आर्डिसबाई,

शाळेचा कार्यक्रम वगैरे काही नव्हता. मी ते खोटं लिहिलं होतं. आता सगळं खरंच सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही सांगून टाकते.

शनिवारी पहाटे निघाले तेव्हाही आत यायचं ठरलं नव्हतं. पावणेअकराला संगीत इमारतीत शिरले. बाहेरच्या खोलीत कोट टांगलेले, बाकं तीच. खोली ११ च्या दारावर आता काच बसवली आहे. तिथपर्यंत पोचले आणि मागे वळले. पेटी बाकावर ठेवली आणि गाडीकडे चालत गेले. तिथे बसून राहिले. घरी परत जायचं म्हणून किल्ली लावली, तेव्हा कळलं की पेटी आतच राहिली आहे. अडतीस वर्षांनी, त्याच इमारतीत, तेच फिडल. मी अक्षरशः धावले.

पेटी जागेवर होती. तिच्यावर पिवळं कार्ड. क्षणभर मला वाटलं की माझं डोकं फिरलं. मग अक्षर दिसलं, तुमच्या पत्रांतलं. छापलेल्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं: "चोराला वाजवता येत नाही."

समोरच्या बाकावर, कोटांच्या रांगेखाली, तपकिरी टोपी घातलेली एक बाई मांडीवर पर्स धरून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. तेवढ्यात आतून बाटाल्डेनबाई आल्या.

"आर्डिस! अकरा वाजून दहा झाले! डीन थांबलेत, सगळे थांबलेत!"

"थांबू देत," तुम्ही म्हणालात. "इथे पेटी आहे आणि मालक नाही."

"अगं, एखाद्या शिपायाला बसवते मी इथे."

"बसलंय ना इथे कुणीतरी."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, आता हिशेब होणार. तुम्ही म्हणालात, "पंचवीस मिनिटं. तेव्हा तरी पंधराच होती." आणि उठून गुडघा चोळत आत गेलात.

तुमची पाच मिनिटं दोनच मिनिटांची झाली. मी मागे उभी होते. तुम्ही कागद काढला नाहीत. तुम्ही म्हणालात, "चोरी एकदा झाली. वॉरन यांनी कार्ड ठेवलं, पण दार लावलं नाही. त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी प्रत्येक दार लावलं आणि जिथे दार नव्हतं तिथे स्वतः बसले. तुमच्यापैकी पुष्कळांची पुस्तकं, सायकली, कोट त्यांनी असे राखले. तुम्हाला ते कळलं नाही, कारण काहीच झालं नाही. एवढंच." आणि खाली बसलात. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. मग पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस उठला, त्याने पाकिटातून एक मळलेलं पिवळं कार्ड काढून वर धरलं. मग आणखी एकाने. मी मोजली, चौदा होती.

मी वाजवलं ते तुम्हीच खुणेने बोलावलंत म्हणून. नाव घेणार नाही म्हणाला होतात, आणि घेतलं नाहीत. "मागे एक बाई आहेत, त्यांच्याकडे फिडल आहे," एवढंच. नंतर कॉफी पिताना तुम्ही म्हणालात, दोन तारा उतरल्या होत्या. होत्या. थंडीत गाडीत पडून होतं ना.

तुम्ही सिंहाच्या तुटलेल्या कानावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हा बघायला त्यांना आवडलं असतं." परतीच्या वाटेत मला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

मारित


ब्रुकस्टॅड
२२ मे २०२३

मारित,

पत्र मिळालं. पाटी बसली. एक स्क्रू वाकडा आहे, मी कॉलेजला कळवलं आहे.

बाटाल्डेनबाईंनी ते वाक्य गाळलं. नवीन घातलं नाही. चाललं.

फिडल त्या दिवशी ओळखलं ते पेटीच्या आकारावरून. वहीत त्यांनी चित्र काढून ठेवलं होतं, मापांसकट. मी तुमची वाट बघत नव्हते. कोट टांगायला आले होते. पेटी बघितली आणि पाय आपोआप बाकाकडे गेले. बसल्यावर लक्षात आलं की असं बसलं की वेळ कसा जातो ते मला माहीतच नव्हतं. माणसं ये-जा करतात, पाठ दुखते, काहीच होत नाही. त्यांनी बावीस वर्षं हे केलं आणि घरी येऊन म्हणायचे, "आज काही विशेष नाही, आर्डी."

वहीतल्या शेवटच्या गावाखाली मी तारीख घातली: ६ मे २०२३, संगीत इमारत. आणि वही मिटली.

बँजो तुमच्या शाळेला हवा असेल तर घेऊन जा. मागच्या दाराने या, पुढचं फुगून बसलंय.

आर्डिस


[पिवळं कार्ड. छापलेली ओळ खोडलेली. टपालाचा शिक्का: ब्रुकस्टॅड, १४ नोव्हेंबर २०२३]

सापडलं. शोध संपला. कार्ड चालू राहील.
– टोलेफसन